मेंदूतल्या नसेचा फुगा : कॉईल, जाळी आणि आपला हिशोब

सायकलची जुनी ट्यूब हवा भरताना एखाद्या जागी फुगून वर येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथले रबर पातळ झालेले असते. तशीच चाकात बसवली तर चार दिवस चालतेही, आणि पाचव्या दिवशी भर रस्त्यात फट्‌ करून फुटते. असाच फुगा माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला येऊ शकतो. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पुस्तकात धमनीविस्फार असा शब्द सापडतो. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेले नातेवाईक एकमेकांना 'डोक्यातल्या नसेला फुगा आलाय' एवढेच सांगतात, आणि त्यात सगळे आले. आम्हीही तोच शब्द वापरणार आहोत.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. परंतु उंब्रज आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतून कुणाला कराड, मिरज, पुणे किंवा मुंबईला न्यायचे झाले की कागदपत्रांची जुळवाजुळव करायला लोक आमच्याकडे येतात. त्या निमित्ताने डॉक्टरांना खोदून खोदून विचारावे लागते, अंदाजपत्रके वाचावी लागतात. गेल्या काही वर्षांत या फुग्यावरच्या उपचारात मोठा फरक पडला आहे, आणि तो आपल्या घरांपर्यंत नीट पोचलेला नाही. म्हणून हा लेख.

शंभर प्रौढ माणसांत साधारण तीन जणांच्या मेंदूत लहानमोठा फुगा असतो, असे ठिकठिकाणच्या पाहण्यांतून दिसते. यातल्या बहुतेकांना तो जन्मभर कळत नाही. माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो. तेव्हा हे वाचून कुणी घाबरून डोक्याचा फोटो काढायला पळू नये. मात्र ज्याचा फुटतो त्याची गत कठीण. मेंदूभोवती रक्त पसरते, आणि अशा रोग्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश दगावतात. वाचलेल्यांतही पुष्कळांना काही ना काही कायमचे उणेपण राहते. पुरुषांपेक्षा बायकांत हा विकार जास्त. वय बहुधा चाळीस ते साठ, म्हणजे घर चालवण्याचे वय. रक्तदाब आणि विडी-सिगारेट ही दोन मोठी कारणे. मिश्री आणि तंबाखूच्या गोळीचा या फुग्याशी तसा पक्का संबंध दाखवता आलेला नाही, पण त्यांचे तोंडाशी काय वैर आहे ते वेगळे सांगायला नको. आई, वडील, भाऊ, बहीण यांतल्या दोघांना असा फुगा झालेला असेल, किंवा घरात मूत्रपिंडावर पाण्याच्या गाठी होण्याचा आजार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारून तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

फुटण्याची खूण अशी. डोके एकाएकी, एखाद्या क्षणात दुखू लागते, आणि असे दुखते की माणूस म्हणतो, 'जन्मात असं दुखलं नव्हतं.' पाठोपाठ उलटी, मान ताठणे, उजेड सहन न होणे, कधी चक्कर येऊन पडणे, कधी फिट. काही वेळा फुटण्याआधीच एका डोळ्याची पापणी खाली येते किंवा एकाचे दोन दिसतात. आपल्याकडे अशा वेळी काय होते? पित्त खवळले म्हणून लिंबूपाणी, ऊन लागले म्हणून कांदा, कुणाची नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या. मेडिकलमधून एक गोळी आणायची आणि झोपवून ठेवायचे. एकदा फुटलेला फुगा पहिल्या काही दिवसांत, त्यातही पहिल्या चोवीस तासांत, पुन्हा फुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि नेमके तेच दिवस आपण घरात घालवतो. असे डोके दुखले की १०८ ला फोन करावा आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्यावे. महामार्गावर असल्याने उंब्रजकरांना एका बाजूला कराड, दुसऱ्या बाजूला सातारा आहे. पहिल्या सहा तासांत काढलेल्या स्कॅनमध्ये असे रक्त जवळजवळ चुकत नाही. दिवस जातात तसे ते दिसेनासे होते. स्कॅन स्वच्छ आला तरी शंका राहिली तर डॉक्टर पाठीतले पाणी तपासतात. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' ही वस्तीवस्तीत ऐकू येणारी समजूत खोटी आहे.

पाण्याचा मार कुठे बसतो

आता हा फुगा येतो कुठे, ते पाहू. ज्यांनी उसाला रात्रीची दारे धरली आहेत त्यांना हे लगेच समजेल. पाट सरळ चालला असेल तर काठ टिकतो. जिथे पाटाला फाटा फुटतो किंवा तो एकदम वळतो, तिथे पाण्याचा मार समोरच्या काठावर बसतो, माती खचते आणि कपार पडते. मेंदूच्या बुडाशी मोठ्या रक्तवाहिन्यांना फाटे फुटतात, आणि फुगे बहुधा त्याच फाट्यांवर किंवा वळणांवर येतात. रक्त आत शिरून घुमते, भिंत आणखी ताणते.

याच्यावरचा जुना उपाय कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावण्याचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली तो केला. ही क्लिप आजही लावतात, काही फुग्यांना तीच उत्तम. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जो बायडन यांच्या मेंदूत १९८८ साली असे दोन फुगे निघाले होते. दोन्हींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो माणूस कित्येक वर्षे राजकारण करीत राहिला. तेव्हा 'मेंदूचं ऑपरेशन म्हणजे संपलंच' असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

दुसरा उपाय आतून जाण्याचा. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवत थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमच्या अतिशय मऊ, बारीक तारेची गुंडाळी सोडायची. हीच कॉईल. इटलीचे डॉक्टर गुइदो गुल्येल्मी यांनी विजेच्या बारीक प्रवाहाने नळीपासून सुटी होणारी कॉईल काढली आणि १९९० साली कॅलिफोर्नियात ती प्रथम माणसाला बसवली. कपारीत दगड भरावेत तसा हा प्रकार. कॉईल भरली की तिच्याभोवती रक्त गोठते आणि फुगा बंद होतो. २००२ साली २,१४३ रोग्यांची एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. फुगा फुटलेल्या आणि दोन्हीपैकी कोणताही उपाय चालण्यासारख्या रोग्यांत एका वर्षानंतर दगावलेले किंवा परावलंबी झालेले लोक क्लिपवाल्यांत शंभरात सुमारे ३१ निघाले, कॉईलवाल्यांत सुमारे २४. तेव्हापासून कॉईलचे पारडे जड झाले.

पण कॉईलचीही एक अडचण आहे. तोंड अरुंद असलेल्या फुग्यात ती टिकते. गाडग्यासारखे तोंड रुंद असले तर बाहेर सरकते. शिवाय फुगा मोठा असेल, दहा मिलिमीटरच्या वर किंवा पंचवीसच्याही वर, तर भरलेली कॉईल रक्ताच्या माराने काही महिन्यांत चेपते आणि फुगा पुन्हा उघडतो. दगड भरले तरी पाण्याचा मार तोच राहिला, तर कपार पुन्हा पडणारच की!

मूळ पाटालाच अस्तर

म्हणून डॉक्टरांनी उलटा विचार केला. कपार भरण्याऐवजी मूळ पाटालाच अस्तर लावले तर? यातून फ्लो डायव्हर्टर निघाला. ही दाट विणीची नळीसारखी जाळी. पाइपलाइन नावाच्या जाळीत ४८ तारा विणलेल्या असतात. ती फुग्यात जात नाही. मूळ रक्तवाहिनीत, फुग्याच्या तोंडावरून आडवी बसते. रक्त सरळ पुढे जाऊ लागते, फुग्यातले रक्त मंदावते, गोठते, आणि जाळीवर रक्तवाहिनीचे नवे अस्तर चढून तोंड बुजते. अर्जेंटिनात डॉ. पेद्रो लिलिक यांनी २००९ साली या जाळीचे आपले पहिले अनुभव छापले, आणि २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली.

इथे कुणीही विचारील की, मग जाळीखाली येणाऱ्या बाजूच्या बारीक फाट्यांचे रक्त बंद होत नाही का? आम्हीही विचारले होते. उत्तर साधे आहे. फाट्याच्या पलीकडे मेंदूचा भाग रक्त ओढत असतो, म्हणून जाळीच्या भोकांतून रक्त तिकडे जात राहते. फुग्याला पलीकडे वाटच नाही, त्यामुळे तिथली ओढ संपते. बहुतेक वेळा हे जमते, सदासर्वदा जमेलच असे नाही.

मात्र जाळीला घाई नसते. मोठ्या, अवघड फुग्यांवर पाइपलाइनची जी मूळ चाचणी झाली तिच्यात सहा महिन्यांनी शंभरात सुमारे ७४, वर्षाने ८७ आणि पाच वर्षांनी ९५ फुगे बंद झालेले आढळले. म्हणजे जाळी बसली त्या दिवशी फुगा गेला असे होत नाही. आणि या मधल्या काळातच एक नवे संकट दिसून आले. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत काही डॉक्टरांनी कळवले की, जाळी उत्तम बसलेली, रोगी घरी गेलेला, आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी मोठा फुगा फुटला. आत एकदम गोठलेले कच्चे रक्त फुग्याच्या पातळ भिंतीला आतून कुजवत असावे, असा त्यावरचा एक विचार आहे.

यावर तोडगा म्हणून दोन्ही एकत्र आले. प्रथम एक बारीक नळी फुग्यात नेऊन ठेवायची, मग तिच्या बाजूने जाळी उघडायची, म्हणजे नळी जाळी आणि भिंत यांच्यामध्ये अडकून राहते. तिच्यातून फुग्यात थोड्या कॉईल सोडायच्या आणि नळी ओढून घ्यायची. कॉईल गच्च भरायची गरज नसते. सैल भरल्या तरी रक्ताचा झोत मोडतो, गुठळी लवकर आणि पक्की धरते. तोंड फार रुंद असेल तर कॉईलचा आधार मिळून जाळी फुग्यात घसरत नाही. मोठा फुगा, रुंद तोंड, आत रक्ताचा जोराचा झोत, किंवा एकदा फुटून गेलेला फुगा, अशा ठिकाणी डॉक्टर बहुधा या जोडीचा विचार करतात.

सगळ्यांना ही जोडी लागते असे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. लहान फुग्याला नुसती कॉईल किंवा नुसती जाळी पुरते. दोन्ही केले की वेळ जास्त लागतो, खर्च वाढतो, नळ्यांचे काम वाढले की धोकाही थोडा वाढतो. डोळ्याच्या शिरेवर दाब आणणारा फुगा असेल तर आत कॉईलचा गोळा भरण्याने दाब लगेच कमी होत नाही. 'महाग ते चांगले' हा बाजारातला न्याय इथे लावू नये.

गोळ्या, आणि एका ताईंची गोष्ट

आणखी एक पेच आहे. जाळी म्हणजे रक्तात बसवलेला परका धातू. अस्तर चढेपर्यंत तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या द्याव्या लागतात, बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. दोन्ही साधारण सहा महिने, पुढे एकटी अ‍ॅस्पिरिन दीर्घकाळ. पण फुगा नुकताच फुटलेला असेल तर रक्त पातळ करणे धोक्याचे. म्हणून फुटलेल्या फुग्यात पुष्कळदा आधी कॉईल सोडून फुटीची जागा झाकतात, आणि रोगी सावरला की काही आठवड्यांनी जाळी बसवतात.

आमच्या भागातल्या एका ताईंचे असेच झाले. त्या शेतमजुरीला जात. भांगलण करताना डोक्यात वीज चमकल्यासारखे झाले. दोन दिवस घरीच काढले, तिसऱ्या दिवशी भावाने गाडी करून नेले. फुटलेला फुगा लहान होता, त्यात कॉईल बसली. पण त्याच तपासणीत दुसऱ्या बाजूला एक मोठा, रुंद तोंडाचा, न फुटलेला फुगा दिसला. (ज्याला एक फुगा असतो अशा पाचांतल्या साधारण एकाला दुसरा असतो.) त्यासाठी पुढे पुण्याला जाळी आणि कॉईल दोन्ही बसवल्या. सर्व सुरळीत झाले. घरी आल्यावर तीन-साडेतीन महिन्यांनी शेजारपाजारच्या बायका म्हणू लागल्या, 'एवढ्या गोळ्या गरम पडतात गं, आता बरी हाईस की.' शिवाय अंगावर काळेनिळे डाग उठत होते. ते या गोळ्यांनी उठतातच. ताईंनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. नवव्या दिवशी सकाळी भाकरी थापताना डावा हात गळाला, तोंड वाकडे झाले. नवरा शहाणा निघाला. त्याने तासाच्या आत दवाखाना गाठला, आणि हात परत आला. सगळ्यांचा येत नाही.

लाखोंची जाळी टिकवणाऱ्या या गोळ्या जन औषधीच्या दुकानात थोड्या पैशात मिळतात. दात काढायचा असला, उपास असला, घरात लग्न असले तरी ज्याने जाळी बसवली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही खाडा करू नये. शौच काळी झाली, पोट दुखू लागले तर मात्र लगेच कळवावे.

खर्चाचे काय?

हा आमचा विषय. २०१७ साली सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, ते सर्वांनी ऐकले. त्यामुळे पुष्कळांना वाटते की मेंदूतली जाळीही तीस हजारांत येते. ती मर्यादा हृदयाच्या स्टेंटपुरती आहे. मेंदूची फ्लो डायव्हर्टर जाळी बाहेरदेशाहून येई, आणि एका जाळीची किंमत सात-आठ लाख रुपयांच्या घरात असल्याचे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने २०२१ साली सांगितले होते. ही संस्था केंद्र सरकारची. तिने बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या मदतीने निटिनॉल या लवचीक धातूची देशी जाळी तयार केली. नळी पूर्ण दुमडली तरी तिचे तोंड बंद होत नाही, अशी तिची वीण. ही विद्या २०२० साली ज्या कंपनीला देण्याचा करार झाला ती बायोरॅड मेडिसिस आपल्या पुण्याची आहे. २०२१ मध्ये तिच्या प्राण्यांवरील आणि मग माणसांवरील चाचण्या व्हायच्या होत्या. विमानाच्या प्रयोगशाळेतला धातू मजुराच्या मेंदूत बसवण्यालायक करायला जे लोक झटले त्यांची नावे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर गेली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखांची मर्यादा होती, ती जुलै २०२४ पासून पाच लाख झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही सैल झाली. तिच्या जोडीला आयुष्मान भारत योजना. २०१८ च्या तिच्या यादीत कॉईलच्या उपचाराचे पॅकेज होते. पहिल्या तीन कॉईल त्यात धरलेल्या, वरच्या कॉईलचा आकार वेगळा. म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राला तीन गोष्टी विचाराव्यात: या दवाखान्याला हा उपचार योजनेतून करण्याची मान्यता आहे का, फ्लो डायव्हर्टर जाळी पॅकेजात बसते का, आणि जादा कॉईल लागल्या तर पैसे कोण भरणार. उत्तर कागदावर मागावे. योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ती योजना पक्की झाली. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जवळ ठेवावी, आणि समाजसेवा अधिकाऱ्याला गाठावे. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो, पण पैसे दवाखान्याला मिळतात, आपल्या हातात नाही. आणि अर्ज उपचाराआधी गेला तर बरे.

सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयांचा रस्ता विसरू नये. परळचे केईएम १९२६ चे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कराड-पाटणकडच्या कित्येक घरांतला एक माणूस परळ-लालबागला असे, आणि गावाकडचा पेशंट त्याच्या खोलीवर उतरून केईएमला जाई. नळीतून मेंदूपर्यंत जाऊन उपचार करण्याचे काम तिथे डॉ. उदय लिमये यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे केले. गर्दी आहे, रांग आहे, चार खेपा होतात. न फुटलेल्या फुग्याला तेवढी सवड बहुधा असते. फुटलेल्याला नसते, त्याला जवळ जिथे सोय असेल तिथेच न्यावे.

अंदाजपत्रक हातात आले की एकूण आकडा बघून घर विकायला निघू नका. कॉईल किती, प्रत्येकीची किंमत किती, जाळी कोणती, नळ्यांचे किती, अतिदक्षता विभागाचे दिवस किती, हे वेगवेगळे लिहून मागा. न फुटलेला फुगा असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. लहान फुग्यावर नुसते लक्ष ठेवणे हाही उपचार असतो, आणि तसे सांगणारा डॉक्टर आपल्याला टाळतो आहे असे समजू नये.

उपचारानंतर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करतात. दुसरी गोळी बंद करायची की नाही ते तिच्यावरून ठरते, म्हणून बसभाड्याला पैसे नाहीत या कारणाने ती चुकवू नये. डिस्चार्ज कार्डावर जाळीचे नाव आणि बसवल्याची तारीख असते. त्याची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेशंटजवळ ठेवावी. पुढे कधी एमआरआय काढायचा झाला, ऑपरेशन करायचे झाले किंवा बाईला दिवस गेले, तर समोरच्या डॉक्टरला ती आधी दाखवावी.